हाराला नाही म्हणालो

गुरुवार, १३ फेब्रुवारी, संध्याकाळ

आजपासून एसटी डेपोत मी हेड मेकॅनिक. सतरा वर्षांनी.

आई जाऊन तीनच महिने झालेत. आमच्यात वर्षभर हार-गुलाल घेत नाहीत, पण हे वर्कशॉपात कुणाला सांगितलंच नव्हतं. सगळे झेंडूचा हार घेऊन उभे, आणि मी हात जोडून मागे सरलो. मग कारण सांगावं लागलं. आधी का नाही बोललो मी? एवढा जाड हार, हौसेने आणलेला.

शेवटी वर्कशॉपातले जुने मेकॅनिक शेख चाचा म्हणाले, "तुमाला चालत न्हाई तं गाडीला घालू. तिच्या घरी कोनी गेलं न्हाई." सगळे हसले, मीही हसलो. काल मी इंजिन बसवलेल्या गाडीला हार पडला.

मग ड्रायव्हरने गाडी ठीक असल्याचा कागद पुढे धरला. "सायेब, सही करा." आजवर काम माझं असायचं, सही दुसऱ्याची. ब्रेक पुन्हा एकदा पाहिले आणि सही केली. वारंगा फाट्याची गाडी माणसांनी भरून निघाली. वळणाआड जाईपर्यंत बघत राहिलो. फार अभिमान वाटला. त्याला काही वर्षभर थांब म्हणता आलं नाही.