पत्र्यावरचा टायटन

मी, शेषेराव गुंडप्पा बिडवे, वय ७१, निवृत्त विज्ञान शिक्षक, राहणार रेणापूर, जि. लातूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोके शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला स्वतःला तशी खात्री नाही.

१. राहते घर पत्नी धोंडाबाई हिच्या हयातीपर्यंत तिचे, नंतर मुलगा हरिओम, नांदेड, याचे. त्याने ते कोणत्याही क्लासवाल्याला भाड्याने देऊ नये. (हे वाक्य ठेवावे की खोडावे, ठरत नाही.)

२. दुर्बीण शेजारच्या नजीरभाईंची नात लायबा हिला. तिच्या लातूरच्या क्लासच्या नोट्स चाळल्या, म्हणून पुढचे लिहावे लागते.

३. न्हाणीवरचा पत्रा. हा मूळचा शाळेचा, शेड मोडली तेव्हा मी घरी आणला. भूकंपात शाळेला तडे गेले, तेव्हा वर्ग पत्र्याच्या शेडमध्ये भरत. १९९४ साली त्याच पत्र्यावर मी ऑइलपेंटने ग्रहांचे नि चंद्रांचे गुरुत्व रंगवले. वस्तुमानाला त्रिज्येच्या वर्गाने भागायचे, स्थिरांकाने गुणायचे. शनीच्या टायटनपुढे मी ०.३४ लिहिले. नववीतली पुनम दगडोबा गंभिरे उठून म्हणाली, "सर, तुमी व्यास धरलाव. उत्तर चौपट याला पाहिजे." माफी मागितल्याशिवाय वर्गात पाऊल ठेवू नकोस, असे मी तिला बजावले. ती पुन्हा आलीच नाही. लातूरला मामाकडे गेली. आज तिथेच, लायबाच्या क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवते. तिच्या नोट्समध्ये छापले आहे: टायटन १.३५, त्रिज्याच घ्या. माझे नाव कुठेही नाही.

मी तीनदा गणित केले. तिन्ही वेळा १.३५. टायटन आपल्या चंद्राहून जड, तरी गुरुत्व चंद्राहून कमी, हे मला ठाऊक होते, म्हणून ०.३४ खपून गेले असेल. की चूक तेव्हाच कळली होती आणि मी गप्प बसलो? खरेच आठवत नाही. लाज मात्र फार वाटते.

४. माझ्या मृत्यूनंतर पत्रा पुनमला द्यावा आणि सरांचे चुकले, असे हरिओमने तिला सांगावे.

एवढे वाचून दाखवले तर धोंडाबाई म्हणाली, "तुमी जित्ते हाव की अजून. मेल्यावर पोराच्या तोंडानं कशाला?"

५. कलम ४ तूर्त स्थगित. उद्या सकाळच्या एसटीने मी लातूरला जात आहे. पुनमने दारातूनच परत पाठवले, तर कलम ४ पुन्हा लागू समजावे. आत बोलावले, तर माफी कशी मागतात, हे मला कोणीतरी आजच सांगावे.

लिहून ठेवणार: शेषेराव बिडवे (सही)
साक्षीदार: किशनराव माने (सही), उमाबाई स्वामी (सही)
रेणापूर, दि. ९ जून २०११