पहिल्या दिव्याचा मान

मुंबई, सप्टेंबर १९९८

आबा, तुम्हाला आणि आईला नमस्कार.

मी बरी आहे. खोकला गेला, मेसचं जेवण गोड मानून घेते. आईला सांगा, प्लेगचे जुने कागद वाचून प्लेग होत नाही. तुमचा गुडघा कसा आहे?

मल्हारदादाला दिवाळीत कंपनीतून सुट्टी नाही, म्हणून मारुतीपुढं पहिला दिवा लावायचा आपला मान यंदा भावकीला द्यायचा, असं तुम्ही लिहिलंत. तो मान आपल्या घरात कसा आला, ते मला परवा इथल्या सरकारी दप्तरखान्यात सापडलं. तुम्ही सांगता तसं तुमच्या आजोबांनी वाघ मारला म्हणून नाही, आबा.

आपल्या गावच्या पाटलानं शिरूरच्या मामलेदाराला लिहिलेला मोडी कागद आहे. प्लेगात घराघरांत उंदीर मरून पडायला लागले, तसं सगळं गाव रानात झोपड्या घालून राहिलं. दिव्यासाठी गुरवसुद्धा गावात पाऊल टाकीना. तेव्हा अनसाबाई धनगरीण पुढं आली. तिचा नवरा आणि थोरला मुलगा त्याच साथीत गेले होते. गाव परतेपर्यंत रोज तिन्हीसांजेला ती त्या ओस गावात जाऊन दिवा लावायची. वाघ मारणारे तुमचे आजोबा तेव्हा तिच्या कडेवर होते.

हे गावात सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. ‘पोरीच्या हातचा दिवा चालत न्हाई’ असं तुम्ही म्हणता, म्हणून एवढं लिहिलं.

मी धनत्रयोदशीला शिरूरला उतरते. आईला वाती वळून ठेवायला सांगा.

तुमची
कौसल्या