लायब्ररीतला डिन

४ मार्च, सकाळी १०.२०
संस्थेच्या अध्यक्षांची चिठ्ठी. बंद पाकीट, वर ‘ग्रंथपाल, खाजगी’. आत फर्डं इंग्रजी. मतलब एवढाच: लायब्ररीतला डिन असह्य झाला आहे, पंधरा दिवसांत बंदोबस्त करून मला येऊन भेटा.

‘डीन’चं स्पेलिंग चुकलंय. चक्क डी-आय-एन! मोठ्या माणसांना घाई असते. शिवाय पुढे डीनला ‘हिम’ म्हणायचं सोडून ‘इट’ म्हटलंय. केवढी ही चीड!

कॉलेजचे हे नवे डीन रोज दुपारी येऊन तासभर वाचत बसू लागले, तेव्हाच मला खटकलं होतं. बावीस वर्षांत प्रथमच कुणीतरी माझी लायकी ओळखली.

४ मार्च, ११.००
सहायक बाईंना चिठ्ठी दुरूनच दाखवली. म्हणाल्या, सर, हा शब्द वेगळा वाटतो, डिक्शनरीत बघू का? म्हटलं, डिक्शनरी वाचकांसाठी असते, ग्रंथपालासाठी नव्हे.

६ मार्च
पाळत सुरू. डीन आले, कोपऱ्यात बसले, वाचू लागले. संशयास्पद. मी काउंटरवरूनच विचारलं, काय हवंय? केवढ्याने दचकले! मन खात असणार. सगळी मुलं वळून बघत होती. मुलं माझ्या बाजूने आहेत.

७ मार्च
डीन कानात कापूस घालून आले. म्हणजे तब्येतीच्या कारणावरूनही घालवता येतील. नोंद केली.

९ मार्च
संकल्प: अध्यक्षांशी इंग्रजीतच बोलायचं. काउंटरवर बसून इंग्रजी पेपर खणखणीत आवाजात वाचायला घेतला. अभ्यास करणारी दोन मुलं उठून गेली. न्यूनगंड.

११ मार्च
कोपऱ्यातला पंखा बंद केला, ‘नादुरुस्त’ अशी पाटी लावली. डीन घामाघूम. तरी हलले नाहीत. निगरगट्ट.

१२ मार्च
त्यांची खुर्चीच हलवली. लोखंडी आहे, उचलवेना, म्हणून हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत नेली. बाईंनी कानांवर हात ठेवले. त्यांना कष्टाची कामं बघवत नाहीत. डीन तासभर उभ्यानेच वाचत राहिले.

१४ मार्च
डीन आलेच नाहीत! फत्ते! काउंटरवरूनच बायकोला फोन करून सगळं सविस्तर सांगितलं. मागून कुणीतरी ‘शूऽऽ’ केलं. त्याला उभा करून झापलं, लायब्ररीत आवाज करतोस?

१९ मार्च, दुपारी ३
अध्यक्षांना भेटलो. शेजारी डीन बसलेले! मनात म्हटलं, आज यांचा निकालच दिसतोय.

अध्यक्षांनी विचारलं, “काय, डिन बंद झाला?”

मी म्हटलं, “साहेब, पंखा बंद केला, खुर्ची काढली. पाच दिवस झाले, यांनी लायब्ररीत पाऊल ठेवलेलं नाही.”

अध्यक्ष डीनकडे बघत राहिले. डीन माझ्याकडे. मग डीनच हळूच म्हणाले, “अहो, डिन म्हणजे गोंगाट. मोठा, सतत चाललेला आवाज.”

मी लगेच म्हटलं, “मग मुलांना वठणीवर आणतो!”

अध्यक्षांनी एक अर्ज पुढे सरकवला. चाळीस मुलांच्या सह्या. विषय: ग्रंथपालांचा आवाज. खाली सहायक बाईंचीही सही. अक्षर नीटनेटकं.

म्हणाले, “हा अर्ज आला त्याच दिवशी तुम्हाला हलवणार होतो. पंधरा दिवसांची मुदत या डीनसाहेबांनी मागून घेतली.”

डीन म्हणाले की माणूस मनाने वाईट नाही, समोरासमोर सांगितलं तर ऐकेल, असं त्यांना वाटलं होतं. म्हणून चिठ्ठीनंतरही रोज येऊन बसायचे. पण मी बोलायचा थांबतच नव्हतो.

यावर इंग्रजीत काहीतरी बोलायचं होतं. आठवलं नाही.

२१ मार्च
बदली. मागच्या इमारतीतलं गोदाम, जुनी वर्तमानपत्रं, माणूस नाही काणूस नाही. निरोप समारंभ झाला नाही. बाईंनी किल्ल्या घेतल्या, “या सर,” म्हणाल्या, तेही कुजबुजत.

संध्याकाळी घरी आलो. दारं-खिडक्या लावून घेतल्या. बायकोच्या अगदी कानाशी जाऊन हळूच विचारलं, खरं सांग, माझा आवाज मोठा आहे का गं?

ती तोंड उघडायच्या आत शेजारच्या घरातून उत्तर आलं, “हो!”

भिंत फारच पातळ आहे.