पंख्यामागचा दोरा

३ मार्च

चि. घुमीस,
अनेक आशीर्वाद.

तू विचारणार नाहीसच, म्हणून मीच सांगते: नव्या नाटकाचे सगळे कपडे मला मिळाले! इतकी वर्षं दुसऱ्यांनी शिवलेले अंगरखे उसवून मापात बसवले. आता राजापासून द्वारपालापर्यंत अख्खा दरबार माझ्या डोक्यातून उतरायचाय. पहिला प्रयोग तीस एप्रिलला. पण वीस मार्चपर्यंत कपड्यांची चित्रं आणि कटिंगचे नमुने पोचले नाहीत, तर काम दुसऱ्याला देईन, असं दिग्दर्शकांनी बजावलंय.

आणि नेमका चित्रं काढायला तू दिलेला कॉम्प्युटर रुसलाय. जरा कुठे चित्र रंगात आलं की बंद! पोटच्या पोरासारखा जपते गं. शिवणखोलीत सुताची धूळ उडते म्हणून कापूस भरून जाडजूड कव्हर शिवलंय, बटणापुरतं काज ठेवून. फोनवर तू ओरडतेस आणि मला निम्मंच ऐकू येतं, तेव्हा काय ते पत्रानेच सांग.

माया आहेच, उत्तर तेवढं लवकर पाठव.
तुझी
आत्या

७ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

बातमी कळली. चांगली आहे.

कॉम्प्युटर रुसलेला नाही, त्याला उकडतंय. आतली उष्णता बाहेर पडली नाही, की जळून जाऊ नये म्हणून तो स्वतःच बंद होतो. भर उन्हाळ्यात पोटच्या पोराला रजई पांघरतं का कोणी? आधी सगळ्या चित्रांची प्रत पेन ड्राइव्हवर काढ. मग कव्हर काढ आणि डबा भिंतीपासून वीतभर पुढे ओढ, म्हणजे हवा खेळती राहील.

तरीही बंद पडला, तर मागचा पंखा पाहायचा. तो फिरतो की नाही हे मी आवाजावरून ओळखते. तुला ते जमणार नाही. म्हणून पाठच्या जाळीला बाहेरून बोटभर दोरा बांध. दोरा उडाला तर पंखा ठीक. लोंबत राहिला, तर कॉम्प्युटर बंद करून प्लग काढ आणि मगच झाकण उघड. प्लग काढल्याशिवाय आत हात घालायचा नाही. हे वाक्य दोनदा वाच.

कळावे, लोभ आहे तसा राहावा.
तुझी
घुमी

१९ मार्च

चि. घुमीस,
अनेक आशीर्वाद.

दोनदा कशाला, तीनदा वाचलं! कव्हर काढूनही तेच. दोरा आपला मरगळल्यासारखा लोंबतोय. प्लग काढला, झाकण उघडलं आणि हसतच सुटले. पंख्याच्या आसाला माझेच दोरे गुंडाळलेले! लाल, निळे, जरीचे. अख्खा दरबार तिथे अडकून बसलेला. चिमट्याने एकेक ओढून काढला, मऊ ब्रशने धूळ झाडली. बटण दाबलं आणि दोरा असा फडफडायला लागला की मी टाळ्याच पिटल्या. शेजारच्या इस्त्रीवाल्याला बोलावून दाखवला. तो म्हणाला, आत्याबाई, पतंग उडाल्यावर पोरंसुद्धा एवढी नाचत नाहीत.

मग कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही. काल चित्रं आणि नमुने पोचवले! राणीच्या घागऱ्याचं चित्र पाहता पाहता दिग्दर्शकांनी हातातला चहा गार होऊ दिला. तुझ्या त्या रजईची सिंहासनावर गादी झालीय. आता काम संपून डबा गार झाला, की त्यावर पातळ सुती कापड टाकते.

प्रयोगाला तू येणार नाहीस, ठाऊक आहे. कामं असतात. पण मायेत कसर नको.
तुझी
आत्या

२४ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र ऑफिसात वाचायला नको होतं. मी मोठ्याने हसले. सगळ्यांनी माना वळवल्या आणि साहेबांनी येऊन, बरं वाटत नाहीये का, असं विचारलं.

दोरा सोडू नकोस. अधूनमधून धूळ झाडत जा.

तीस एप्रिलची रजा मी टाकली आहे. तुझं पहिलं पत्र आलं, त्याच दिवशी टाकली. लिहायचं राहिलं होतं. पुढच्या रांगेतली खुर्ची ठेव. शिलाई जवळून बघायची आहे.

माझ्या कॉम्प्युटरचा पंखा मला व्यवस्थित ऐकू येतो. तरी त्याच्यामागे एक दोरा बांधलाय. लाल. तो उडताना दिसला, की तिकडे तुझं मशीन चालू आहे असं वाटतं.

लोभ खेळता राहावा, ही विनंती.
तुझी
घुमी