टेप आजपासून दुकानात

अगं,

तुझा नवरा आज डॉक्टरांकडे जाणार आहे. त्याचा मोबाइल तांदळाच्या डब्यात पुरलाय. गोड बोलून मागेल, देऊ नकोस.

शिवणाच्या टेपने तो रोज आपल्या पोटऱ्या मोजतो हे तुला माहीत आहे. उजवी जाड भरते. मोबाइलला विचारलं तर रक्ताच्या गाठीपासून सुरुवात झाली. पुढचं लिहीत नाही. तू म्हणालीस, "जन्मभर त्याच पायाने मशीन चालवतोस, तो जाड होणार नाही तर काय बारीक होणार?" शिंप्याला हे पटायला हवं होतं. पण मन चिंती ते वैरी न चिंती, आणि याचा वैरी तर रोज चार्जिंगला लावलेला असतो.

आज सकाळचं मात्र तुला ठाऊक नाही. तू कामावर गेलीस आणि छोटी आरशासमोर दिसली, पोटरीला टेप गुंडाळून.

"बाबा, माझापण एक पाय जाड आहे. मी मरणार का?"

"असं कोण म्हणालं?"

"कोणी नाही. तू मोजतोस ना."

तुझ्या नवऱ्याने तिच्या पोटरीवरची टेप सोडवून खिशात घातली.

आता 'तुझा नवरा' पुरे, 'मी' म्हणून लिहितो. तिला शाळेत सोडून तसाच डॉक्टरांकडे जातोय, तिथून दुकानात. ते 'काही नाही' म्हणाले तर मी विश्वास ठेवीन, असं लिहिणार होतो. लिहवत नाही.

संध्याकाळी ती आली की तिच्या पायांकडे बघू नकोस. नुसती खेळायला सोड.

टेप मी नेली आहे.