अब्बांची न उसवलेली गादी

अब्बा, तुमी शिवलेली शेवटची गादी आज मी उसवली. राग येईल तुमाले, येऊ द्या. मलेच किती येऊन राह्यला.

माझी पोरगी, तुमी पाह्यलीच नाई तिले, रोज पहाटे दम लागून उठून बसते. छातीत शिट्टी वाजते, बरगड्या आत ओढल्या जातात. वाशीमच्या डॉक्टरनं सर्दी म्हणून औषध देलं, मेडशीच्या सासूनं ओव्याच्या पुरचुंडीनं छाती शेकली. अन् मी म्हणत होती, हिले त्या गादीवर निजवा, अब्बांच्या हातची पिंजलेली रुई हाये, आराम पडंल. या अल्ला, काय माझी अक्कल!

शेवटी अकोल्याले नेलं. नळीत फुंकवलं, पंपाचं औषध देऊन पुन्हा फुंकवलं. श्वास मोकळा झालेला पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दमा आहे, अॅलर्जीचा दिसतो. मग हातावर थेंब ठेवून सुईनं टोचलं. परागकण, बुरशी, झुरळ, मांजर, सगळे गपगार. टोचणी बरोबर चालते का हे पाह्यासाठी ठेवलेला त्याइचा थेंब सोडला तर एकच टम्म फुगला. "धुळीतले किडे," त्या म्हणाल्या. "डोळ्यांना दिसत नाहीत. हिच्या शरीरानं त्यांना वैरी समजून अँटीबॉडी बनवून ठेवल्यात. त्यांचा कण श्वासात गेला की या अँटीबॉडी पेशींना चेतवतात, अन् हिच्याच श्वासनळ्या सुजून आवळतात. घरात जुनी गादी आहे का?"

काय सांगू, बाप पिंजारी होता म्हणून?

गिऱ्हाईकावर कसे खेकसायचे तुमी! "दरसाल उसवा, पिंजा, ऊन दाखवा!" जऊळक्याच्या एका पाटलाची गादी तर तुमी दारातूनच परत केली होती, गादी नाई हा उकिरडा हाये म्हणून. अन् तुमी गेल्यावर आमी काय केलं? अम्मी म्हणे, हे टाके त्याइच्या हातचे, कोणी हात लावायचा नाई. साऱ्या गावाच्या गाद्या पिंजल्या गेल्या, पिंजाऱ्याच्याच घरातली तशीच पडली.

आज पोरीले शेजारणीच्या घरी बसवलं अन् अंगणात ब्लेड चालवलं. फेकायची म्हटली तर अख्खी गादी कचऱ्याच्या घंटागाडीत मावत नव्हती. टाके इतके घट्ट की शिव्याच देल्या तुमाले. आतून काळे गोळे निघाले.

हे लिहिलेलं कुठं पाठवायचं नाई म्हणून खरं सांगते. डॉक्टरीणबाईनं बजावलं होतं, उसवताना नाकातोंडाले ओढणी घट्ट बांधा. मी नाई बांधली. वाटलं, आत कुठंतरी तुमचा वास असंल. नुसती धूळ होती, अब्बा. तरी पुन्हा एकदा नाक खुपसलं.