खरे चाळीस, कार्डावर नव्वद

७ ऑगस्ट २००३, गुरुवार

मार्क मी द्यायचे! मी! सातवीत गणितात चौतीस पडले तेव्हापासून मार्क म्हटलं की पळ काढणारा मी — आणि आज एक पोरगी घरी येऊन म्हणते, "आबा, मार्क तुम्ही द्यायचे."

सुफिया तिचं नाव. आमच्या दौंडशेजारच्या शिरूरची, पुण्याला कॉलेजात शिकते. दमा, साखर, सांधे अशी जुनी दुखणी असलेल्या माणसांचं जगणं कसं चाललंय, ते ती मोजते. दुखणं नाही हां — जगणं! मला एक कार्ड दिलं. त्यावर पट्टी, शून्यापासून शंभरापर्यंत. शंभर म्हणजे तब्येत एकदम झकास. रोज सकाळी एक आकडा लिहायचा, दर गुरुवारी ती येऊन बघणार. जाताना म्हणाली, "ह्याच्यावरच माझी परीक्षा हाय, आबा."

म्हणजे पोरीची पास-नापास माझ्या हातात! आज दम बेताचाच, पंचेचाळीस म्हणावेत. पण पंचेचाळिसात फार तर थर्ड क्लास मिळतो. पंच्याऐंशी लिहिले.

८ ऑगस्ट

चैन पडेना. खुटबाव स्टेशनच्या केबिनमध्ये चौतीस वर्षं काढली, गाडीची वेळ रजिस्टरात एका मिनिटानंही खोटी लिहिली नाही. म्हणून ही वही काढली. खोटं कार्डावर, खरं इथं.

खरे चाळीस. कार्डावर नव्वद.

१० ऑगस्ट

शेजारच्या लालमहंमदलाही कार्ड मिळालंय — त्याला साखर. गड्यानं पहिल्याच दिवशी शंभर दिले!

मी म्हणालो, "लाल्या, शंभर देत्यात व्हय कुठं? कापी केली म्हणत्याल!"

"मग किती देऊ? पोरगी आपल्या तालुक्याकडची हाय."

बरीच घासाघीस होऊन अठ्ठ्याण्णववर मिटलं. तळपायाला मुंग्या, डोळ्यांपुढं अंधारी, आणि मार्क अठ्ठ्याण्णव! हसता हसता मला खोकल्याची ढास लागली, तर तो पाठ चोळायला लागला आणि हसतोय आपला.

खरे पस्तीस. कार्डावर ब्याण्णव.

१४ ऑगस्ट, गुरुवार

सुफिया आली. मी जयभीम घातला, तिनं सलाम केला. मग प्रश्न. "जिना चढताना त्रास होतो का?" आमच्या घराला जिना कुठला! विचारलं, स्टेशनचा पूल चालेल का? चालेल म्हणाली. "मग न्हाई व्हत." ठोकून दिलं! आठव्या पायरीला कठडा धरतो, ते माझं मला माहीत.

यात नवीन काय? नोकरीत हेच शिकलो. वरून साहेब आला, काही तक्रार आहे का विचारलं, की म्हणायचं सगळं ठीक. तक्रार केली तर साहेबाचं काही जात नाही, खालच्या माणसाची बदली होते. इथं खालचं माणूस म्हणजे सुफिया.

बायको, ताईबाई, चहा गाळता गाळता नुसती बघत होती. तिला लिहायला येत नाही, पण तिचं बघणं फार वाईट!

खरे चाळीस. कार्डावर नव्वद.

१९ ऑगस्ट

ताईबाईनं सकाळी विचारलं, "झोप लागली का?" "गाढ!" म्हणालो. रात्री उशीत तोंड घालून खोकतो, तिला पत्ता लागत नाही.

खरे तीस. कार्डावर नव्वद.

२४ ऑगस्ट, रविवार

काय दिवस! लेक भाग्यश्री शिक्रापूरहून आली, नातीला घेऊन. नात म्हणाली, इंजिन दाखव. खांद्यावर घेतली आणि पूल चढलो — सगळा! खाली डिझेलनं भोंगा दिला, पोर किंचाळली, मीही किंचाळलो. तिकीट तपासणारा बघतच राहिला. चौतीस वर्षं गाड्या बघितल्या, पण इतकं छान इंजिन कधी दिसलं नव्हतं.

आता दुसऱ्या दिवशीची पहाट होतेय, पण तारीख कालचीच धरतो. खरे ऐंशी! कार्डावरही ऐंशी! दोन्हीकडं एकच आकडा!

१८ सप्टेंबर, गुरुवार

घोळ झाला. मोठा घोळ झाला.

सुफिया आली ती रडवेली. तिचे सर म्हणाले, दौंडची दम्याची माणसं पुण्याच्या धडधाकट माणसांपेक्षा ठणठणीत कशी? हे आकडे तू घरी बसून भरलेस. तिचा सगळा अभ्यास बाद होणार! वर आणखी, जिथं मार्क कमी तिथंच कॉलेज दर महिन्याला तपासणीचं शिबिर घेणार. आमच्या मार्कांवर दौंडचं नाव यादीतून गेलं.

"पण पोरी, तू पास व्हावीस म्हणून तर..."

"आबा! मार्क माझे नव्हते. तुमचे व्हते!"

मला लाज वाटली. आत जाऊन ही वही आणली आणि तिच्यापुढं ठेवली. पोरगी वाचता वाचता रडायची थांबली आणि हसायला लागली. सगळे खरे आकडे उतरवून घेतले, वही परत दिली.

आज कार्डावर अडतीस. खरेही अडतीस.

२५ सप्टेंबर, गुरुवार

सर म्हणतात, वही काय, एका बैठकीतही लिहिता येते. आधी राग आला. मग पटलं. रेल्वेतही हेच. एका रजिस्टरावर संशय आला की शेजारच्या स्टेशनचं मागवायचं — खुटबावचं चुकलं का, ते केडगावचं सांगणार.

"पन माझ्या दम्याला शेजारचं ठेसन कुठनं आणू?" मी म्हणालो.

ताईबाई उठली. कोपऱ्यातली ज्वारीची कोठी ढकलून बाजूला केली. मागं भिंतीवर कोळशाच्या रेघा! आठवडी बाजार ते बाजार एक ओळ.

"मला लिवता येत न्हाई," ती सुफियाला म्हणाली, "रेघ मारता येती. ज्या राती हे उठून बसलं, त्या रातीची एक."

म्हणजे ती जागी असायची! मी उशीत तोंड घालून खोकायचो आणि ही पलीकडं डोळे मिटून ऐकत पडायची. मला हसू यावं की रडू, काही कळेना. दोन्ही आलं.

सुफियानं वहीतले कमी आकड्यांचे दिवस भिंतीवरच्या रेघांशी ओळीला ओळ लावून बघितले. पहिला आठवडा जुळला. दुसरा जुळला! लालमहंमद मुंग्या आलेले पाय घेऊन नाचायला लागला. "लाईन क्लिअर!" ओरडतोय आपला! सुफियानं ताईबाईला मिठीच मारली. म्हणाली, आता सरांना बोलायला जागा नाही.

एकाच ठिकाणी अडलं. वहीत वाईट रात्री सतरा, भिंतीवर रेघा अठरा; जास्तीची रेघ नात आली त्या आठवड्यातली. मी म्हणालो, ताईबाईच्या हातून चुकून एक जास्त पडली असेल. ताईबाईनं कोठी परत जागेवर लावली. सुफियानं वहीचा आकडा धरला आणि पाचच्या गाडीनं गेली.

२६ सप्टेंबर

सकाळीच पोस्टात जाऊन सुफियाला पोस्टकार्ड टाकलं — भिंतीचं धर. २४ ऑगस्ट, खरे वीस.